घटस्फोट आणि घरादाराची वाटणी: कोल्हापुरातून सारखे येणारे प्रश्न

मी एका वकीलबाईंच्या ऑफिसात चौदा वर्षं टायपिंगला आहे. पिटिशन, अ‍ॅफिडेव्हिट, कन्सेंट टर्म्स (दोघांनी सही करून कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटी) सगळं माझ्या हाताखालून जातं, त्यामुळे ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायका रात्री-अपरात्री मेसेज करून विचारतात, हल्ली पुरुषही विचारतात, आणि प्रश्न बघाल तर फिरून फिरून तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी वकील नाही, पण हे सगळं आमच्या मॅडमना वाचून दाखवलंय आणि त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त करून दिलंय. तुमच्या केसला तुमचे कागद बघूनच सल्ला घ्या. इथलं बहुतेक हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांबद्दल आहे, बाकीच्यांनी प्रश्न १८ आधी वाचा.

वाचताना एक डोक्यात ठेवा. घर कुणाच्या नावावर, पैसे कुणी भरले, आणि राहतं कोण, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक तिन्हीची खिचडी करतात आणि मग चुकीच्या ठिकाणी भांडत बसतात.

१. घटस्फोट झाला की बायकोला नवऱ्याच्या प्रॉपर्टीत निम्मा हिस्सा मिळतोच ना?

नाही मिळत. हा गैरसमज इतका पसरलाय की बायका त्या भरवशावर घर सोडून येतात आणि नवरे त्या भीतीनं फ्लॅट भावाच्या नावावर करून मोकळे होतात, दोघांचंही नुकसान होतं. आपल्याकडे लग्नानंतर घेतलेलं सगळं दोघांचं असा नियमच नाही. ज्याच्या नावावर, ज्याच्या पैशाचं, त्याचं. २०१३ मध्ये विवाह कायदा दुरुस्तीचं एक विधेयक राज्यसभेत मंजूर झालं होतं, त्यात बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा द्यायची गोष्ट होती, पण लोकसभेत ते पुढं गेलंच नाही आणि कायदा झाला नाही. त्यावेळच्या बातम्या अजून व्हॉट्सअपवर फिरतात.

मग बायकोला काय मिळतं? तिच्या नावावरचं तिचं, जॉइंटमधला तिचा वाटा, तिचं स्त्रीधन, राहायच्या घराचं संरक्षण आणि पोटगी, मग ती महिन्याची असो नाहीतर एकरकमी. एकरकमी पोटगी ठरवताना कोर्ट नवऱ्याची प्रॉपर्टी बघतं, म्हणजे घरात हिस्सा नसला तरी घराची किंमत आकड्यात येते. हे नीट समजून घ्या, कारण तडजोडीची सगळी बोलणी यावरच चालतात.

२. हे सगळं कुठल्या कोर्टात? घटस्फोट वेगळा आणि प्रॉपर्टीचा दावा वेगळा का?

कोल्हापूर शहरात कौटुंबिक न्यायालय आहे, आणि १९८४ च्या कायद्यानं नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद तिथंच चालतो. तालुक्याला, म्हणजे गडहिंग्लज, इचलकरंजी वगैरे, वरिष्ठ स्तर दिवाणी कोर्टात. बायको माहेरी राहत असेल तर ती राहते त्या हद्दीतही घटस्फोटाचा अर्ज करू शकते. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचं काय करायचं ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली घटस्फोटाच्या डिक्रीतच, म्हणजे कोर्टाच्या शेवटच्या हुकमातच, मागता येतं, फक्त पिटिशनमध्ये मागायला लागतं, न मागता कोण देत नाही. महाराष्ट्रात बायकांना घटस्फोट, पोटगी आणि त्यातून आलेल्या मालमत्तेच्या दाव्यात कोर्ट फी माफ आहे, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

आणि अपिलाला मुंबईला जायची दगदग आता संपली. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथंच, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालू झालंय. ज्यांनी मुलांना शेजारी ठेवून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठलीय त्यांना विचारा याचं मोल.

३. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे पण हप्ते एकट्यानंच भरलेत. निम्मं-निम्मं होणार का?

आपोआप नाही. अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुणाचा किती टक्के ते लिहिलं असेल तर तसं. लिहिलं नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ सांगतं की ज्यानं जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा वाटा धरायचा, आणि पुरावाच नसेल तर दोघांचा सारखा. म्हणून डाउन पेमेंट कुणाच्या खात्यातून गेलं, हप्ता कुठनं कापला जातो, हे स्टेटमेंट आजच काढून ठेवा, जुनी स्टेटमेंट नंतर मिळवताना बँकेत हेलपाटे होतात.

पण एक सांगते. नवऱ्याच्या पगारातून हप्ता आणि बायकोच्या पगारातून किराणा, मुलांची फी, लाइट बिल असं कितीतरी घरांत असतं. कागदावर हप्ता त्याचाच दिसतो. तर मग घरखर्चाचीही स्टेटमेंट लावा, यूपीआयची हिस्ट्री लावा, तोही पुरावा आहे, कोर्टापुढं येऊ दे.

४. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, पण हप्ते माझ्या पगारातून गेलेत. माझं काय?

तुमचं नाव नाही म्हणून तुम्ही मालक नाही असं सरळ म्हणता येत नाही, पण सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. तुमच्या खात्यातून लोन खात्याला गेलेला प्रत्येक हप्ता, पीएफ काढून दिला असेल तर त्याचा कागद, माहेरून वडिलांनी चेकनं दिले असतील तर तो चेक. कॅश दिली असेल तर अवघड आहे, खोटं कशाला सांगू. तुम्ही मालकीत वाटा मागू शकता, नाहीतर निदान घातलेले पैसे परत मागू शकता, आणि पोटगीच्या आकड्यातही ते धरायला सांगू शकता. कुठलं मागायचं ते वकील कागद बघून ठरवतील.

५. मी नवरा आहे. सवलत मिळते म्हणून घर बायकोच्या नावावर घेतलं, पैसे सगळे माझे. ते घर गेलं का?

महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, त्यामुळे असे प्रश्न आता फार येतात. आपल्या माहीत असलेल्या, कायदेशीर उत्पन्नातून बायकोच्या नावावर घेतलेलं घर बेनामी धरत नाहीत, २०१६ च्या दुरुस्तीतही तो अपवाद ठेवलाय. म्हणजे तुम्ही कोर्टात जाऊन पैसा माझा होता असं म्हणू शकता. पण ती म्हणणार मला बक्षीस म्हणून दिलं होतं, आणि त्यावेळी तुमच्या मनात काय होतं ते आता सिद्ध करायचं तुम्हाला. घेताना खरंच तिला द्यायचं म्हणून घेतलं असेल तर कृपा करून आता कागद उलटे करू नका. पैसा कॅशमध्ये आणि हिशोबाबाहेरचा असेल तर गप्प बसून आधी वकिलांना भेटा.

६. घर सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते म्हणतात निघ. निघायलाच पाहिजे का?

नाही, असं हाताला धरून बाहेर काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ज्या घरात तुम्ही नवऱ्याबरोबर संसार केलात तिथं राहायचा हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. पूर्वी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल होता की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर यात येत नाही, पण २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा केसमध्ये तो बदलला.

पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. सासरे रीतसर कोर्टातून ताबा मागू शकतात, आणि कोर्ट नवऱ्याला भाड्याचं दुसरं घर द्यायला सांगू शकतं. सासू-सासरे म्हातारे असतील तर कोर्ट त्यांच्याही बाजूनं विचार करतं, आणि करायलाच पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे घटस्फोटाची डिक्री व्हायच्या आत मागा. एकदा डिक्री झाली की हा हक्क मागणं फार अवघड होऊन बसतं.

७. सासऱ्यांच्या जागेवर आम्ही दोघांनी वर माडी बांधली, माझेही पैसे गेलेत. माडी तरी माझी?

फुलेवाडी, कळंबा, उचगाव, इकडनं सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. जागा ज्याची त्याचं बांधकाम, असंच धरतात. परवाना सासऱ्यांच्या नावावर, घरफाळा सासऱ्यांच्या नावावर, आणि सळी-सिमेंटची बिलं कुणी ठेवली नाहीत. मालकी मिळेल अशी आशा देणार नाही. तुमच्या नावावर काढलेलं लोन, सोनं मोडलं त्याची पावती, कॉन्ट्रॅक्टरला ट्रान्सफर केलेले पैसे, एवढं असेल तर ते पैसे मागता येतात. अजून बांधायचं आहे अशांनी वाचत असाल तर आधी सासऱ्यांकडून तेवढा भाग रजिस्टर बक्षीसपत्रानं दोघांच्या नावावर करून घ्या आणि मगच लोन काढा. घरात वाईट दिसतं म्हणून कोण बोलत नाही.

८. माझं सोनं सासूच्या कपाटात आहे. ते माझंच ना? परत कसं मागायचं?

तुमचंच. माहेरचं, सासरचं, मुलाच्या बारशाला आलेलं, नवऱ्यानं दिलेलं, जे जे तुम्हाला म्हणून दिलं ते स्त्रीधन, आणि हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नं त्यावर पूर्ण मालकी तुमची. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामायिक मालमत्ता नाही, नवऱ्यानं अडचणीला वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याची. त्याच वर्षी दुसऱ्या एका केसमध्ये असंही सांगितलं की मुलीचं स्त्रीधन तिनं अधिकार दिल्याशिवाय बापसुद्धा मागू शकत नाही. तर वडिलांना पुढं करू नका, अर्जावर सही तुमची पाहिजे.

अडचण मालकीची नसतेच, यादीची असते. "अंदाजे पंधरा तोळे सोने" असं लिहून काही होत नाही. एकेक दागिना लिहा, वजन लिहा, कुणी दिला ते लिहा. गुजरीतल्या सोनाराची पावती असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर सोनाराकडं जुन्या बिलाची नक्कल मागा. लग्नाचा अल्बम काढा, हळदीचे, साखरपुड्याचे, डोहाळेजेवणाचे फोटो काढा, त्यात गळ्यात काय आहे ते दिसतं. आणि एकूण वजन व निव्वळ सोनं वेगळं लिहा. हे मी डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगते. एका तडजोडीत कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर सोनार छोटा काटा घेऊन बसला होता, एका बाजूला सासू, एका बाजूला मुलीची आई, मध्ये स्टीलचा डबा. यादीत गळ्यातला साज अडीच तोळे लिहिलेला. काट्यावर अडीच भरला, पण मुलीच्या आईला वाटत होतं ते सगळं सोनंच, आणि साजाचे मणी तर लाखेवरचे असतात, निव्वळ सोनं बरंच कमी निघतं. तिथंच आवाज चढले. अर्धा तास कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी मुलगी उठली, साज उचलला, आणि म्हणाली हा आजीचा आहे, वजन नका करू. बाकीचं मोजून घेतलं.

भांडी, फ्रिज, कपाट अशा दोघांना मिळून आलेल्या वस्तू कलम २७ खाली. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका मराठी कुटुंबाच्याच केसमध्ये सांगितलंय की लग्नाच्या वेळी म्हणजे फक्त मांडवात दिलेलं असं नाही, लग्नाच्या संबंधानं आधी-नंतर दिलेलंही त्यात येतं.

९. तेच सोनं नवऱ्यानं पतसंस्थेत गहाण टाकलंय, त्याच्या नावावर. आता?

सोनं तुमचं हे प्रश्न ८ प्रमाणे सिद्ध करायचं आणि सोडवून परत करायचा आदेश मागायचा. तोवर संस्थेला लेखी पत्र द्या की हे दागिने माझे आहेत, वाद कोर्टात आहे, आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. हप्ता थकला की लिलाव निघतो, आणि एकदा दागिना वितळला की मग पैशातच मागावं लागतं. म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

१०. गावाकडं वडिलोपार्जित शेती आहे, ऊस जातो. त्यात सुनेचा हिस्सा किती?

नवरा जिवंत असताना सून म्हणून हिस्सा मागता येत नाही. एक बारीक गोष्ट आहे, आपल्याकडच्या हिंदू कायद्यात बाप-लेकांत वाटणी झालीच तर आईलाही मुलाएवढा वाटा मिळतो, पण ती स्वतः होऊन वाटणी लावू शकत नाही, आणि घटस्फोट झाल्यावर तो प्रश्नच संपतो.

पण हिस्सा नाही म्हणजे उपयोग नाही असं नाही. नवऱ्याचं शेतीचं उत्पन्न पोटगीत धरतात. सातबाऱ्यावरचा पीकपेरा काढा, आठ अ काढा, कारखान्याला किती टन ऊस गेला आणि बिल कुठल्या खात्यात जमा झालं ते मागा, दूध संघाचं दहा दिवसाचं बिल येत असेल तर तेही. "शेतीत काय राहत नाही ओ" हे वाक्य प्रत्येक केसमध्ये ऐकायला मिळतं, आणि मग कारखान्याची पावती समोर ठेवली की बोलणी चालू होतात. कोर्ट पोटगीचा बोजा जमिनीवरही ठेवू शकतं, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये ते लिहिलंय. बोजा सातबाऱ्याला चढला की जमीन गुपचूप विकता येत नाही.

११. माझा हिस्सा नाही तर नाही, पण मुलांचा तरी आहे ना? का घटस्फोटात तोही जातो?

मुलांचा जात नाही. आई-बाप वेगळे झाले म्हणून मूल त्या घराण्याचं राहत नाही असं होत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा-मुलगी दोघांचा जन्मानं हक्क, मुलींबद्दल २०२० चा सुप्रीम कोर्टाचा विनीता शर्मा निकाल आहे. नवऱ्यानं स्वतः कमावलेल्यात मात्र तो जिवंत असेतोवर काही मागता येत नाही, तो मृत्युपत्र करून कुणालाही देऊ शकतो. तडजोडीत "मुलांचा कोणताही हक्क राहणार नाही" असं वाक्य कुणी घालत असेल तर सही करू नका. अज्ञान मुलाचा स्थावरातला हक्क कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही.

१२. होम लोन दोघांच्या नावावर. डिक्रीत "लोन नवरा भरेल" असं लिहून घेतलं. मी सुटले का?

बँकेच्या हिशोबात नाही सुटलात. डिक्री तुमच्या दोघांतली, बँक त्यात पार्टी नव्हती. त्यानं हप्ते थांबवले की फोन तुम्हाला येणार, सिबिल तुमचं खराब होणार, वसुलीही तुमच्याकडं येणार. माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं, डिक्री होऊन दोन वर्षांनी ती स्वतःसाठी छोटं लोन काढायला गेली तर नाव थकबाकीत. तिला माहीतच नव्हतं, त्यानं सात हप्ते भरले नव्हते.

मार्ग तीन. घर ठेवणाऱ्यानं स्वतःच्या एकट्याच्या पगारावर लोन दुसऱ्या बँकेत फिरवायचं, नाहीतर त्याच बँकेकडून तुमचं नाव कमी करून घ्यायचं, तिथं बँक त्याचं उत्पन्न परत तपासते आणि पुरत नसेल तर नाही म्हणते. नाहीतर सरळ घर विकून लोन फेडून उरलेलं वाटून घ्यायचं. घराला जीव लावलेला असतो, कळतं मला, पण दोघांपैकी एकालाही हप्ता झेपत नसेल तर विकणंच बरं. बँकेचं पत्र हातात येईपर्यंत शेवटची सही थांबवा.

१३. म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीनं घटस्फोट, करतोय, फ्लॅट तो माझ्या नावावर करणार आहे. घटस्फोटाच्या आधी करून घेऊ का नंतर?

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात म्हणून सावकाश वाचा.

नवरा-बायको असताना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्रानं एकमेकाला दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार काय असेल ते वेगळं. डिक्री झाली की तुम्ही नवरा-बायको राहत नाही, मग तोच फ्लॅट द्यायला बाजारभावावर शुल्क लागू शकतं, म्हणजे लाखात. दुकान, गाळा, शेडला ही २०० रुपयांची सवलत नाही.

मग आधीच करावं ना? तर त्यात दुसरा धोका. म्युच्युअलमध्ये दोनदा कोर्टापुढं यायला लागतं, मध्ये ६ महिने, आणि दुसऱ्या तारखेपर्यंत कुणीही संमती मागं घेऊ शकतं. २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हे ६ महिने माफ होऊ शकतात, पण ते मागायला लागतं आणि कोर्टाला पटायला लागतं. त्यानं घर नावावर केलं आणि तुम्ही दुसऱ्या तारखेला आलाच नाही तर तो अडकला. उलटं तुम्ही पोटगी सोडली आणि तो घर देईना तर तुम्ही अडकलात.

आमच्याकडं ज्या केस नीट पार पडल्या त्यात टप्पे पाडले होते. पहिल्या तारखेला कन्सेंट टर्म्स दाखल. मग बँकेची एनओसी. बक्षीसपत्राचा मसुदा दोन्ही वकिलांनी बघून ठेवलेला. दुसऱ्या तारखेच्या एक-दोन दिवस आधी दुय्यम निबंधकाकडं नोंदणी, आणि दुसऱ्या तारखेला त्याची प्रत आणि डिमांड ड्राफ्ट कोर्टापुढं. असं केलं की कुणाला कुणावर फार विश्वास टाकायला लागत नाही.

अजून एक रस्ता आहे, ती मिळकत पिटिशनचाच विषय करायची आणि कोर्टाच्या तडजोडीच्या डिक्रीतूनच हस्तांतर करायचं, तेव्हा नोंदणी कायद्यातला अपवाद लागू पडू शकतो. तो रस्ता घ्यायचा तर पहिल्या मसुद्यापासूनच तसं लिहायला लागतं, शेवटी घुसडता येत नाही.

१४. कन्सेंट टर्म्समध्ये घराबद्दल नेमकं काय लिहायचं?

"राजारामपुरीतील फ्लॅट पत्नीस देण्याचे ठरले." हे वाक्य मी स्वतः टाइप केलंय, कामाला लागले त्या पहिल्या वर्षी, दोन्ही पार्ट्यांनी घाईत सांगितलं आणि मी घातलं. डिक्री झाली, नोंदीसाठी कागद गेला आणि परत आला, कारण सिटी सर्व्हे नंबर नाही, वॉर्ड नाही, मजला नाही, क्षेत्र नाही. दुरुस्तीला नवऱ्याची सही लागणार आणि नवरा तोवर पुण्याला गेलेला, फोन उचलेना. त्या बाईला आठ महिने हेलपाटे पडले आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तर वॉर्ड, सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, बिल्डिंगचं नाव, फ्लॅट नंबर, मजला, चौरस मीटर, चतुःसीमा, पार्किंग असेल तर त्याचा नंबर, मूळ खरेदीखताचा दस्त नंबर आणि तारीख, हे सगळं. कुठल्या तारखेपर्यंत कोण काय करणार आणि नाही केलं तर काय. थकलेला घरफाळा, पाणीपट्टी, सोसायटी मेंटेनन्स कोण भरणार. मूळ कागद कुणाकडं आहेत आणि कधी देणार. किल्ल्या. हो, किल्ल्यासुद्धा लिहा. डिक्रीनंतर प्रॉपर्टी कार्डावर आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलून घ्या, पुष्कळ जण दस्त करून फाइल कपाटात ठेवतात आणि दहा वर्षांनी विकायला गेल्यावर जागे होतात.

१५. केस चालू आहे आणि तो फ्लॅट विकायला निघालाय असं कळलं. थांबवता येतं का?

येतं, पण तुमचा त्या फ्लॅटवर काहीतरी दावा पाहिजे, वाटा किंवा घातलेले पैसे किंवा राहण्याचा हक्क किंवा थकलेली पोटगी. मनाईचा अर्ज लगेच टाका, आणि दावा त्या मिळकतीवरच असेल तर लिस पेंडन्सची नोटीस (या मिळकतीचा वाद कोर्टात चालू आहे अशी) दुय्यम निबंधकाकडं नोंदवून घ्या, म्हणजे सर्च घेणाऱ्याला दिसते. पेपरात जाहीर नोटीस द्या, गिऱ्हाईक आपोआप बिचकतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्येही सामायिक घर विकू नये असा आदेश मागता येतो. दर पंधरा दिवसांनी इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) ऑनलाइन बघायची सवय ठेवा.

१६. नवऱ्याचा धंदा आहे, कागदावर काहीच दाखवत नाही. खरं उत्पन्न कसं बाहेर काढायचं?

नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानं आता दोघांनाही आपली मालमत्ता आणि देणी शपथेवर लिहून द्यावी लागतात, शेतकऱ्यांसाठी तर वेगळा नमुना आहे. खोटं लिहिलं तर ते शपथेवरचं खोटं. त्याचं अ‍ॅफिडेव्हिट आलं की ओळन् ओळ वाचा आणि जे लपवलंय त्याची माहिती द्या. शिरोली, उद्यमनगरातली फौंड्री असेल तर जीएसटी रिटर्न, लाइट बिल, मशीनवर घेतलेलं लोन. हुपरीला चांदीचं काम असेल, इचलकरंजीला माग असतील, तर किती कामगार, कुणाला माल जातो. भागीदारीत त्याचा टक्का किती ते भागीदारीपत्रात असतं. धंदाच वाटून मिळत नाही, पण त्याच्या उत्पन्नावर पोटगी ठरते. आणि बायकोलाही हेच लागू, नोकरी लपवू नका, शिकवणीचे पैसे लपवू नका. एकदा खोटं पकडलं गेलं की बाकीच्या खऱ्यावरही विश्वास राहत नाही.

भिशीत घातलेल्या पैशाचं विचारतात. वही आणि साक्षीदार असतील तर सांगा, नसतील तर त्यामागं लागून दमू नका.

१७. पीएफ, एलआयसी, जॉइंट खातं, लॉकर?

पीएफ ज्याचा त्याचा, बायकोला थेट वाटा नाही आणि त्यावर जप्तीही आणता येत नाही, पण शिल्लक अ‍ॅफिडेव्हिटमध्ये लिहावी लागते. एलआयसी साधी असेल तर ज्याची पॉलिसी त्याची. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली काढलेली असेल तर ती बायको-मुलांसाठीचा ट्रस्ट असतो, नवऱ्याला मोडता येत नाही, बाँडवर तसं लिहिलेलं असतं, बघून घ्या. जॉइंट खात्यातले पैसे कुणीही काढू शकतो म्हणून दोघांच्या सहीशिवाय व्यवहार नको असं बँकेला लेखी कळवा. लॉकर दोघांनी मिळून उघडा, यादी करा, फोटो काढा.

घटस्फोट झाला म्हणून नॉमिनी आपोआप बदलत नाही, मृत्युपत्रही आपोआप रद्द होत नाही. स्वतः जाऊन बदला.

१८. आमचं लग्न हिंदू कायद्याखालचं नाही. हे सगळं लागू होतं का?

रजिस्टर लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचं असेल तर बरंचसं सारखंच आहे. मुस्लिम बहिणींना १९८६ च्या कायद्यानं मेहेर आणि लग्नात मिळालेल्या वस्तू परत मागता येतात. ख्रिश्चनांना १८६९ चा घटस्फोट कायदा. राहत्या घराचा हक्क, म्हणजे प्रश्न ६, सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. मालकीचं प्रश्न ३ ते ५ मधलंही बहुतेक सगळ्यांना लागू.

खरा अपवाद आपल्या शेजारीच आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा चालतो आणि तिथं वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, निम्मी-निम्मी. कोल्हापूर-गोवा सोयरिकी पुष्कळ आहेत. लग्नाची नोंद गोव्यात झाली असेल तर आधी तिकडच्या वकिलाला कागद दाखवा, कारण मग प्रश्न १ चं उत्तरच बदलू शकतं.

१९. केस चालू असतानाच नवरा वारला. आता सासरचे म्हणतात तुझा काही संबंध नाही.

संबंध आहे. डिक्री झालेली नसेल तर तुम्ही कायद्यानं त्याची विधवा पत्नी, पहिल्या वर्गातली वारस, मुलं आणि सासूबाईंच्या बरोबरीनं. किती वर्षं वेगळं राहत होता यानं फरक पडत नाही, फक्त त्यानं मृत्युपत्र केलंय का ते बघा. वारस फेरफार घालताना तुमचं नाव वगळू नये म्हणून तलाठ्याकडं लगेच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. डिक्री झाल्यानंतर वारला असेल तर वारसा नाही, मुलांचा मात्र आहे.

२०. पुन्हा लग्न केलं तर मिळालेलं घर परत द्यावं लागेल का?

नाही. महिन्याची पोटगी पुनर्विवाहानंतर बंद होऊ शकते. नोंदणी होऊन नावावर आलेलं घर आणि स्त्रीधन तुमचं ते तुमचंच. कन्सेंट टर्म्समध्ये "पुनर्विवाह केल्यास घर परत" अशी अट कुणी घातली असेल तर सही करायच्या आधी वकिलांना ते वाक्य बोट ठेवून दाखवा.

२१. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. काय करू?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, जिल्हा न्यायालयात त्यांचं ऑफिस आहे. बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं आहे. जाताना लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, आधार, मुलांचे दाखले आणि घराचा जो काय कागद हाताला लागेल तो, निदान घरफाळ्याची पावती, घेऊन जा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि सोबत कुणीतरी असू दे, पहिल्या दिवशी सांगताना रडू येतं आणि अर्धं सांगायचं राहून जातं.